सिंहलाइट

सिंहलाइट : मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम यांचे निर्जल बोरेट असलेले एक विरळ खनिज व रत्न. स्फटिक समचतुर्भुजी, पूर्ण वाढलेले स्फटिक क्वचितच मिळतात, बहुधा पाण्याने झिजून गुळगुळीत झालेल्या गोट्यांच्या स्वरूपात आढळते. पाटन अस्पष्ट, भंजन शंखाभ, चमक काचेसारखी, पारदर्शक ते पारभासी. रंग फिकट पिवळा, सोनेरी, हिरवट तपकिरी ते गडद तपकिरी, क्वचित गुलाबी; कस पांढरा. कठिनता ६·५–७. वि. गु. सु. ३·४८. रासायनिक संघटन : मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम व बोरॉन यांचा प्रत्येकी एक अणू आणि ऑक्सिजनाचे चार अणू. शुद्ध खनिजात वजनाने मॅग्नेशियम ऑक्साइड सु. ३२%, ॲल्युमिनियम ऑक्साइड सु. ४०·४% व बोरॉन ऑक्साइड सु. २७·६% असते. प्रत्यक्षात मॅग्नेशियमाच्या जागी थोडे लोह आलेले असते आणि खनिजाचा पिवळा-तपकिरी रंग या लोहामुळेच येतो. अगदी शुद्ध खनिज वर्णहीन असते.

श्रीलंकेच्या ‘सिंहल’ या संस्कृत नावावरून खनिजाला सिंहलाइट हे नाव देण्यात आले आहे. याच बेटाच्या ‘सेरेंदिब’ या अरबी नावावरून सेरेंडिबाइट हे दुसऱ्या एका अतिविरळ खनिजाचे नाव पडले असून त्यातही बोरॉन असते, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. सेरेंडिबाइटाचा शोध लावणाऱ्यांपैकी एक आनंद कुमारस्वामी होत. भारतीय कलेचे भाष्यकार म्हणून त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. परंतु त्यांचे मूळ शिक्षण भूविज्ञानाचे होते व १९०३–०६ या काळात ते श्रीलंकेच्या (तेव्हाच्या सिलोनच्या) खनिज सर्वेक्षणाचे संचालक होते. जी. टी. प्रायर यांच्यासह त्यांनी सेरेंडिबाइटाचे वर्णन १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. सिंहलाइट मात्र ओळखले जाण्यास त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक जावे लागले. ते कोणाच्या नजरेस पडले नव्हते म्हणून नव्हे, तर दुसऱ्याच नावाने ते रत्नांच्या पेढ्यांवर व संग्रहालयांच्या कपाटांत वावरत होते म्हणून.

शोध : श्रीलंकेच्या रत्नयुक्त वाळू-गोट्यांत मिळणारे तपकिरी, चकचकीत खडे पैलू पाडून ‘तपकिरी पेरिडॉट’ या नावाने विकले जात असत. पेरिडॉट हा ऑलिव्हीन या सिलिकेट खनिजाचा रत्नप्रकार असून त्याचा नेहमीचा रंग पिवळसर हिरवा असतो. तपकिरी खड्यांचे गुणधर्म हिरव्या पेरिडॉटाच्या गुणधर्मांशी तंतोतंत जुळत नसत, हे रत्नपरीक्षकांना ठाऊक होते. पण या फरकाचे एक समाधानकारक वाटणारे स्पष्टीकरण तयार होते. ऑलिव्हीन हा मॅग्नेशियमयुक्त फोर्स्टेराइट (वि. गु. सु. ३·२२) व लोहयुक्त फायालाइट (वि. गु. सु. ४·३९) या दोन टोकांमधील अखंड मालिकेचा कोणताही घटक असू शकतो. लोह वाढत गेले की रंग गडद होतो, वि. गु. वाढते व प्रणमनांकही वाढतात. तेव्हा तपकिरी खडे म्हणजे अधिक लोह असलेला पेरिडॉट होय, असे धरले गेले.

हे अनुमान निष्काळजीपणाचे नव्हते, हे आकड्यांवरून दिसते. पेरिडॉटाचे तीन प्रमुख प्रणमनांक सर्वसाधारणपणे १·६५४, १·६७२ व १·६९० आणि वि. गु. ३·३४ असते. तपकिरी खड्यांसाठी हे आकडे १·६६८, १·६९८, १·७०७ आणि ३·४८ असे मिळतात. फायालाइटाचे प्रमाण पाचव्या हिश्श्याच्या आसपास आहे असे मानले, तर ऑलिव्हिनाचे वि. गु. आणि सर्वांत लहान व सर्वांत मोठा प्रणमनांक हे तिन्ही आकडे या खड्यांच्या आकड्यांच्या बरेच जवळ येतात. अडते ते मधल्या प्रणमनांकापाशी. पेरिडॉटात तो दोन टोकांच्या जवळजवळ मध्यावर असतो व लोहाचे प्रमाण थोडे वाढले तरी मध्याजवळच राहतो. तपकिरी खड्यांत मात्र तो वरच्या टोकाकडे झुकलेला असतो : खालच्या टोकापासूनचे अंतर ०·०३०, तर वरच्या टोकापासूनचे केवळ ०·००९. लोहाचे प्रमाण हवे तसे कमीजास्त कल्पून तीनपैकी दोन आकडे जुळविता येतात, तिसरा जुळत नाही. ऑलिव्हीन मालिकेत अशा खड्याला जागाच नव्हती.

तरीही हा मुद्दा मागे पडला, याचे एक कारण व्यवहारातले आहे. खनिजाचे रासायनिक विश्लेषण करावयाचे, तर त्याकाळी त्याचा चुरा करावा लागे आणि पैलू पाडलेला चांगला खडा कुटण्यास सहसा कोणी देत नाही. ओळख पटली आहे अशा समजुतीने ठेवलेल्या खड्याबाबत तर हा प्रश्नच उद्‌भवत नाही. दुसरे कारण बोरॉनाच्या स्वभावात आहे. ते अतिशय हलके मूलद्रव्य असल्याने क्ष-किरणांवर आधारित विश्लेषणपद्धतींना सहज सापडत नाही आणि मुद्दाम शोधल्याखेरीज रासायनिक विश्लेषणातही निसटू शकते.

लंडन येथील ब्रिटिश म्यूझियमच्या (नॅचरल हिस्टरी) खनिज विभागातील जी. एफ्. क्लॅरिंगबुल व एम्. एच्. हे यांनी क्ष-किरण विवर्तन आणि रासायनिक विश्लेषण या दोन्ही मार्गांनी खड्यांची तपासणी केली व त्यांत सिलिका नसून बोरॉन आहे, म्हणजे हे सिलिकेट नसून मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम बोरेट आहे, असे सिद्ध केले. नव्या खनिजाचे वर्णन १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर जुन्या संग्रहांतील श्रीलंकेच्या ‘तपकिरी पेरिडॉटां’ची फेरतपासणी झाली आणि जवळजवळ सगळे सिंहलाइट ठरले. खाणीत किंवा खडकात प्रथम न सापडता पैलू पाडलेल्या रत्नांवरून प्रथम ओळखली गेलेली खनिजे फार थोडी आहेत. १९४५ मध्ये डब्लिन येथे आर्. टाफे यांना स्पिनेल म्हणून विकत घेतलेल्या खड्यांत गवसलेले टाफेआइट हे त्यांपैकी दुसरे प्रसिद्ध उदाहरण होय.

संरचना : सिंहलाइट पेरिडॉटासारखे दिसते, हा केवळ रंगरूपाचा भास नाही, दोन्ही खनिजांची अणुरचना एकाच आराखड्यावर बेतलेली आहे. ऑलिव्हिनात ऑक्सिजनाचे मोठे आयन साधारणपणे षट्कोणी निबिड रचनेत रचलेले असतात. गोळ्यांचे थर एकमेकांवर रचले असता त्यांच्यामध्ये दोन प्रकारच्या पोकळ्या राहतात : चार गोळ्यांनी वेढलेल्या चतुष्फलकी व सहा गोळ्यांनी वेढलेल्या अष्टफलकी. ऑलिव्हिनात चतुष्फलकी पोकळ्यांपैकी एक अष्टमांश पोकळ्यांत सिलिकॉन आणि अष्टफलकी पोकळ्यांपैकी निम्म्या पोकळ्यांत मॅग्नेशियम (किंवा लोह) असते. सिंहलाइटात सिलिकॉनाची जागा बोरॉनाने घेतलेली असते. सिलिकॉनावर चार, तर बोरॉनावर तीनच धन विद्युत् भार असल्यामुळे एका भाराची तूट पडते. ती भरून काढण्यासाठी दोन मॅग्नेशियम आयनांपैकी एकाच्या जागी तीन भारांचा ॲल्युमिनियम आयन येतो. दोन्ही बाजूंची बेरीज अशा रीतीने सारखीच राहते.

ॲल्युमिनियम कोठे बसते, हा प्रश्न त्यानंतरचा. ऑलिव्हिनातील अष्टफलकी जागा एकसारख्या नसून दोन प्रकारच्या असतात. एक काहीशी लहान व दुसरी मोठी. जे. एच्. फांग व आर्. ई. न्यूनम यांनी १९६५ मध्ये सिंहलाइटाची संरचना निश्चित केली. तीनुसार लहान जागी ॲल्युमिनियम व मोठ्या जागी मॅग्नेशियम अशी स्पष्ट वाटणी झालेली असते. ॲल्युमिनियमाचा आयन मॅग्नेशियमाच्या आयनापेक्षा लहान असतो, हे पाहता ही वाटणी अपेक्षितच म्हणावी लागेल.

बोरॉनाच्या लहानपणाचा परिणाम सबंध स्फटिकावर होतो. सिलिकॉन-ऑक्सिजन अंतर सु. १·६३ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग), तर सिंहलाइटातील बोरॉन-ऑक्सिजन अंतर सु. १·४८ अँगस्ट्रॉम असते. त्यामुळे सगळी चौकटच आवळली जाते. फोर्स्टेराइटाच्या एकक कोशिकेच्या कडा सु. ४·७५, १०·२० व ५·९८ अँगस्ट्रॉम आहेत. सिंहलाइटाच्या ४·३३, ९·८८ व ५·६८ अँगस्ट्रॉम. म्हणजे कोशिकेचे घनफळ सु. १६ टक्क्यांनी घटते. उलट कोशिकेतील अणूंचे एकूण वजन सु. १० टक्क्यांनीच कमी होते. म्हणून घटक अणू अधिक हलके असूनही सिंहलाइट हे फोर्स्टेराइटापेक्षा जड भरते. या जडपणाचे श्रेय जुन्या परीक्षकांनी लोहाला दिले होते. खरे कारण अगदी उलट टोकाचे, म्हणजे एका अतिशय हलक्या मूलद्रव्याच्या लहान आकाराचे निघाले.

आराखडा एकच असला, तरी निसर्गात ऑलिव्हीन व सिंहलाइट यांच्यामध्ये मिश्र स्फटिकांची अखंड मालिका आढळत नाही. समान आराखडा आणि परस्परांत मिसळण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौकटींच्या मापांत फार तफावत असली की आयनांची अदलाबदल होत नाही.

वर्गीकरण : बोरेट खनिजे म्हटली की सामान्य वाचकाला टाकणखार (सवागी) आठवतो. सोनाराच्या मुशीत वापरला जाणारा हा क्षार लडाखमधील पुगा खोऱ्यातील उष्ण झऱ्यांच्या परिसरात निक्षेपित झालेला आढळतो. टाकणखार, कोलेमनाइट, केर्नाइट, युलेक्साइट ही उद्योगांत महत्त्वाची असलेली बोरेटे खाऱ्या सरोवरांच्या वा झऱ्यांच्या पाण्यापासून तयार झालेली, मऊ, हलकी आणि पाण्याचा अंश असलेली असतात. त्याउलट सिंहलाइट निर्जल, कठीण, अम्लांना न बधणारे व उच्च तापमानाला तयार झालेले असते. नुसत्या गुणधर्मांवरून पाहिले, तर या दोहोंना एका वर्गात घालण्याचे धाडस कोणी करणार नाही.

त्यांना एकत्र आणणारे सूत्र बोरॉन-ऑक्सिजन गटांचे आहे. बोरॉनाचा अणू तीन ऑक्सिजन अणूंशी सपाट त्रिकोणात किंवा चार ऑक्सिजन अणूंशी चतुष्फलकात जोडला जातो. हे त्रिकोण व चतुष्फलक सुटे राहू शकतात किंवा कोपऱ्यांतील ऑक्सिजन सामाईक करून एकमेकांना जोडले जातात. टाकणखारात दोन त्रिकोण व दोन चतुष्फलक मिळून चार बोरॉन अणूंचा गट बनतो. कोलेमनाइटात एक त्रिकोण व दोन चतुष्फलक मिळून तिघांचा. आधुनिक वर्गीकरणात बोरेटांचे पहिले विभाजन गटातील बोरॉन अणूंच्या संख्येनुसार (मोनोबोरेट, डायबोरेट, ट्रायबोरेट इ.) आणि पुढील विभाजन त्रिकोण व चतुष्फलक यांच्या प्रमाणानुसार करतात. सिंहलाइटातील प्रत्येक बोरॉन चतुष्फलक एकाकी असतो, दुसऱ्या बोरॉनाशी ऑक्सिजन वाटून घेत नाही. म्हणून ते मोनोबोरेटांमध्ये, त्यांतही सुट्या चतुष्फलकांच्या लहानशा उपविभागात मोडते. बहुतेक निर्जल मोनोबोरेटे (उदा., लडविगाइट, वॉर्विकाइट, जेरेमेयेवाइट) त्रिकोणी गटांची असतात. चतुष्फलकी उपविभागात सिंहलाइटाच्या शेजारी मादागास्करमध्ये सापडलेले बेहिएराइट हे टँटॅलमाचे बोरेट येते. त्याची संरचना झिर्कॉन या सिलिकेटासारखी असते. बोरॉन चतुष्फलकात सुटा बसला की तो सिलिकॉनाची नक्कल करतो, हे या दोन उदाहरणांवरून दिसून येते.

येथे वर्गीकरणाचा एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. सिंहलाइटाला बोरेट म्हणावयाचे की ऑलिव्हीन गटातील खनिज? ऑलिव्हिनाची संरचना असलेले ते एकटेच नाही. बेरिलियम व ॲल्युमिनियम यांचे ऑक्साइड असलेले क्रिसोबेरिल (ज्याच्या मांजरडोळी प्रकारास लसण्या म्हणतात) याच आराखड्याचे आहे. लिथियम व लोह यांचे फॉस्फेट असलेले ट्रिफिलाइटही त्याच आराखड्याचे असून त्याच्याशी समान संरचनेचे कृत्रिम संयुग हल्ली विद्युत् घटांत मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. अशा रीतीने एकाच संरचनेची चार खनिजे सिलिकेट, ऑक्साइड, फॉस्फेट व बोरेट अशा चार वेगवेगळ्या वर्गांत विखुरलेली आहेत. खनिजविज्ञानाने पहिला विभाग ऋण आयनांच्या रसायनावरून आणि नंतरचे विभाग संरचनेवरून करण्याची रूढी स्वीकारली आहे. ही रूढी सोयीची आहे. तथापि ती निर्दोष नाही. सिंहलाइटातील बोरॉन-ऑक्सिजन चतुष्फलक हा स्वतंत्र ऋण गट मानून त्याला बोरेट म्हणतात, पण क्रिसोबेरिलातील बेरिलियम अगदी त्याच चतुष्फलकी जागी असूनही त्याला ऑक्साइडच म्हणतात. असा भेद करताना त्या त्या बंधाची ताकद विचारात घेतली जाते; सीमारेषा मात्र बरीचशी मानवी संकेताने आखलेली आहे.

खुद्द बोरेटांचे स्थानही बदलत आले आहे. पूर्वीच्या प्रचलित वर्गीकरणात कार्बोनेटे, नायट्रेटे व बोरेटे एकाच वर्गात ठेवीत, कारण तिन्हींत त्रिकोणी ऑक्सिजन गट आढळतो. कार्बन व नायट्रोजन त्रिकोणाच्या पलीकडे जात नाहीत, बोरॉन मात्र चतुष्फलकही बनवितो व गट जोडून साखळ्या, पत्रे आणि जाळी तयार करतो. या बाबतीत तो सिलिकॉनाला अधिक जवळचा आहे. हे ध्यानात घेऊन एच्. स्ट्रुन्ट्स व ई. एच्. निकेल यांच्या २००१ च्या वर्गीकरणात बोरेटांना स्वतंत्र वर्ग देण्यात आला. सिंहलाइटासारख्या खनिजाला कार्बोनेटांच्या शेजारी बसविणे फार ओढूनताणून केल्यासारखे होते, हे मान्य करावे लागेल.

रासायनिक विश्लेषणातील एका उणिवेमुळे वर्गीकरण कसे चुकते, याचे आणखी बोलके उदाहरण म्हणजे म्यानमारमधील (ब्रह्मदेशातील) मोगोक येथे सापडलेले पेनाइट हे बोरेट होय. १९५७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यातील झिर्कोनियम ध्यानात आले नव्हते, पी. बी. मूर व टी. अराकी यांनी १९७६ मध्ये संरचना सोडविली, तेव्हा सूत्र दुरुस्त झाले. सिंहलाइटाच्या बाबतीत तशी वेळ आली नाही. १९५२ चे सूत्र अद्याप तसेच टिकून आहे.

प्रकाशीय गुणधर्म व ओळख : सिंहलाइट प्रकाशीय दृष्ट्या द्विअक्षीय व ऋण असून प्रकाशीय अक्षांमधील कोन सु. ५६° असतो. द्विप्रणमन सु. ०·०३८, म्हणजे बरेच असल्याने पैलू पाडलेल्या खड्यातून भिंगाने पाहिल्यास मागील पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. बहुवर्णिकता स्पष्ट असते. दिशेनुसार फिकट तपकिरी, हिरवट तपकिरी व गडद तपकिरी अशा छटा दिसतात. जंबुपार प्रकाशात ते अनुस्फुरण दाखवीत नाही.

पेरिडॉटापासून ते वेगळे करण्याची सर्वांत खात्रीची साधी कसोटी प्रणमनमापकावर होते. खडा मापकाच्या काचेवर हळूहळू फिरविला असता दोन छायारेषा सरकताना दिसतात. सिंहलाइटात खालची रेषा १·६६८ पासून १·६९८ पर्यंत दूर जाते, तर वरची १·६९८ ते १·७०७ एवढ्याच टप्प्यात हलते. पेरिडॉटात दोन्ही रेषांचा प्रवास जवळजवळ सारखा असतो. मेथिलीन आयोडाइड (वि. गु. सु. ३·३२) या जड द्रवात पेरिडॉट जेमतेम बुडतो, सिंहलाइट सरळ तळाशी जाते. वर्णपटदर्शकातील कसोटी अधिक नाजूक आहे. दोन्ही खनिजांत लोहामुळे निळ्या-हिरव्या भागात शोषण पट्ट येतात; पेरिडॉटात ते सु. ४९३, ४७३ व ४५३ नॅनोमीटर तरंगलांबींना असतात. सिंहलाइटातही याच ठिकाणांच्या आसपास पट्ट दिसतात. घाईने पाहणाऱ्याची फसगत होते ती येथे. मात्र सिंहलाइटात सु. ४६३ नॅनोमीटरला एक जादा पट्ट असतो आणि तो दिसला की शंका राहत नाही.

तपकिरी-पिवळ्या रंगाची इतर रत्ने वेगळी करणे त्यामानाने सोपे आहे. क्रिसोबेरिल अधिक कठीण (८·५) व अधिक जड (वि. गु. सु. ३·७३) असून त्याचे द्विप्रणमन फक्त ०·००९ असते. नेहमीच्या झिर्कॉनाचे प्रणमनांक साध्या प्रणमनमापकाच्या आवाक्याबाहेर असतात. तोरमल्लीचे प्रणमनांक (१·६२–१·६४) व वि. गु. (सु. ३·०६) दोन्ही कमी असतात.

उत्पत्ती व आढळ : सिंहलाइट विरळ का, याचे उत्तर त्याला लागणाऱ्या परिस्थितीत आहे. बोरॉन हे भूकवचात अल्प असले, तरी अगदी दुर्मिळ नाही. समुद्राच्या पाण्यातून ते मातीच्या खनिजांत शोषले जाते आणि अशा गाळाचे रूपांतरण झाले की बहुधा तोरमल्ली या बोरोसिलिकेटात अडकते. तोरमल्लीला सिलिका लागते व खडकांत ती सहसा विपुल असते. म्हणून बोरॉन, मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम ही तिन्ही पुरेशी हजर आणि सिलिका मात्र तोकडी, असा जुळून आलेला योग असेल तेथेच सिंहलाइट तयार होऊ शकते. डोलोमाइटी चुनखडकांत बोरॉनयुक्त द्रव शिरले व उच्च तापमानाला त्यांचे रूपांतरण झाले, तर संगमरवरात व त्यालगतच्या स्कार्न खडकांत असा योग येतो. फोर्स्टेराइट, स्पिनेल, फ्लोगोपाइट, डायोप्साइड, वॉर्विकाइट व सेरेंडिबाइट ही खनिजे त्याच्या सोबतीस आढळतात. पुढे तापमान उतरून पाणी शिरल्यास सिंहलाइटाचा ऱ्हास होऊन साइबेलिआइट व हायड्रोटॅल्साइट यांसारखी सजल खनिजे त्याची जागा घेतात. प्रयोगशाळेत ते उच्च दाबाखाली तयार करण्यात आले होते. कमी दाबालाही ते बनू शकते, असे १९८१ मध्ये दाखविण्यात आले.

श्रीलंकेतील पुरवठा मुख्यत्वे रत्नपुर व आसपासच्या भागांतील गाळाच्या निक्षेपांमधून होतो. तेथील डोंगराळ भाग कँब्रियन-पूर्व काळातील, तीव्र रूपांतरण झालेल्या खडकांचा आहे. ते झिजून सुटलेली टिकाऊ खनिजे नद्यांनी खोऱ्यांत आणून टाकली. या रत्नयुक्त थराला सिंहली भाषेत इल्लम म्हणतात. भातखाचरांत खड्डे खणून इल्लम वर काढतात, वेताच्या टोपल्यांत घोळून धुतात व उरलेल्या जड खड्यांतून नीलम, माणिक, स्पिनेल, झिर्कॉन, क्रिसोबेरिल इत्यादींबरोबर सिंहलाइटही निवडून घेतात.

मूळ खडकातील आढळ श्रीलंकेबाहेर लवकरच नोंदला गेला. डब्ल्यू. टी. शॅलर व एफ्. ए. हिल्डेब्रँड यांनी १९५५ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या वॉरेन परगण्यातील जॉन्सबर्ग येथील सिंहलाइटाचे वर्णन केले. तेथे ते सेरेंडिबाइटाबरोबर आढळते, पण रत्नाच्या प्रतीचे नाही. मोगोक येथे सुस्पष्ट स्फटिक सापडले आहेत. टांझानियात गुलाबी ते तपकिरी गुलाबी प्रकार मिळतो. रशियात याकूतियातील ताय्योझ्नोये या लोह-बोरॉन निक्षेपातही ते आहे. याच निक्षेपातून १९९८ मध्ये स्यूडोसिंहलाइट या नव्या खनिजाचे वर्णन झाले. त्यात मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम व बोरॉन यांच्याबरोबर हायड्रॉक्सिलही असते व त्याची संरचना काँड्रोडाइट या सिलिकेटासारखी असते. म्हणजे ऑलिव्हिनाला जसे सिंहलाइट, तसे काँड्रोडाइटाला स्यूडोसिंहलाइट.

उपयोग : बोरॉनाचे खनिज म्हणून सिंहलाइटाला औद्योगिक महत्त्व नाही, त्याचा उपयोग रत्न म्हणूनच होतो. श्रीलंकेतील खडे मोठे व निर्मळ असू शकतात आणि १०० कॅरटांहून अधिक वजनाचे पैलू पाडलेले खडे ज्ञात आहेत. तरीही अंगठीपेक्षा संग्राहकाच्या पेटीतच ते अधिक दिसते. कारण कठिनता मध्यम असल्याने रोजच्या वापरात पैलूंच्या कडा झिजतात व तपकिरी रंगाला बाजारात मागणी बेताची असते. मोजक्या देशांतच आढळणारे हे खनिज विरळ खरे, पण पेनाइटाच्या अर्थाने ते अप्राप्य नाही. खरेदीदाराची अडचण निराळीच आहे : सिंहलाइटाला संग्राहकांत पेरिडॉटापेक्षा अधिक मान असल्याने पूर्वी ज्या चुकीने सिंहलाइट पेरिडॉट म्हणून विकले गेले, तीच चूक आता तपकिरी झाक असलेल्या ऑलिव्हिनाच्या बाबतीत उलट दिशेने होऊ शकते. अशा वेळी मधला प्रणमनांक व ४६३ नॅनोमीटरचा पट्ट तपासून घेतात.